अकरा मिनिटं चाळीस सेकंद

तक्क्याच्या सासऱ्यांचा फोन थेट तक्क्याच्या मोबाइलवर आला, तिथेच सगळं बिनसलं. आता तुम्ही म्हणाल, सासऱ्यांनी जावयाला फोन करण्यात बिनसण्यासारखं काय आहे? अरे, लग्नाला सहा वर्षं झाली होती, आणि सहा वर्षांत त्या माणसाने जावयाला एकदासुद्धा फोन केला नव्हता! फोन यायचा तो बायकोच्या मोबाइलवर, आणि अगदी ठेवता ठेवता "त्यांनाही विचारलंय म्हणून सांग" एवढं एक वाक्य तक्क्याच्या वाट्याला यायचं. मुलगी बघायला गेला तेव्हाच सासऱ्यांनी निकाल दिला होता, "मुलगा चांगला आहे. पण बसका आहे." आणि खोटं कशाला बोला, होताच तो बसका. कॉलेजात त्याला तक्क्या म्हणायचे ते काय उगाच? जिथे टेकेल तिथे असा दिसायचा की वाटावं, हा खोलीबरोबरच आलाय.

तर त्या दिवशी तक्क्या ऑफिसात होता. परदेशात एका लिफ्ट कंपनीत कुठली लिफ्ट कधी दुरुस्त करायची त्याचं वेळापत्रक तो बनवतो. म्हणजे लोकांना बिनश्रमाचं वर न्यायचं, हे त्याचं पोटापाण्याचं काम. फोन वाजला, नाव बघून तो उभाच राहिला.

"जावईबापू!" पलीकडून आवाज आला. "अकरा मिनिटं चाळीस सेकंद!"

"हो बाबा," तक्क्या म्हणाला. काय विचारलंय याचा पत्ता नाही, पण सासऱ्यांना पहिला शब्द 'हो' असावा एवढं त्याला कळत होतं.

"तीन किलोमीटरचा चढ, उंची एकशे ऐंशी मीटर, आणि अकरा चाळीस! मी तीनदा तपासलं. अहो, मी तुम्हाला फार वेगळं समजत होतो."

आता इथे जरा थांबा, सासरेबुवांची ओळख करून दिल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. सासरेबुवा छत्तीस वर्षं जमीन मोजणी खात्यात होते. निवृत्त झाले, पण मोजणी काही सुटली नाही. तक्क्याने सायकल घेतली, तीसुद्धा ती बारीक टायरची, वाकलेल्या हँडलची, उचलली तर छत्रीएवढी वाटणारी रेसची सायकल. हँडलवर एक इवलासा मीटर. चाक फिरलं की हा मीटर आपोआप चालू होतो, थांबलं की कुठून कुठे गेलात, किती वेळात, किती चढलात, सगळा नकाशा आपोआप अ‍ॅपवर पाठवतो. बायकोने कौतुकाने ते अ‍ॅप वडिलांच्या फोनवर टाकून दिलं. बस्स. वडिलांना निवृत्तीनंतर पुन्हा तालुका मिळाला!

दर रविवारी तक्क्या घरी येऊन बूट काढतोय तोवर घरच्या ग्रुपवर शेरा हजर. 'किमी ६.२ वर सव्वीस मिनिटं मुक्काम. कारण कळवावे.' तिथे बेकरी होती. 'वळण क्र. ३ पाशी रस्ता सोडून पूर्वेला दहा मीटर प्रवेश. प्रयोजन?' आता याचं प्रयोजन ग्रुपवर, जिथे दोन आत्या आणि एक मावससासू आहेत, तिथे कसं सांगायचं? सायकलिंगचा सगळा आनंद म्हणजे कुणाला न सांगता कुठेतरी जाणं, आणि इथे झुडपामागे जायचीही चोरी.

तर हे अकरा चाळीस काय होतं? तक्क्या त्या चढावर आयुष्यात एकदाच गेला होता, शेवटचा किलोमीटर सायकलला हाताला धरून, आणि त्या दिवशी मीटर घरी विसरला होता हे त्याचं नशीब. घाईघाईने अ‍ॅप उघडलं तर शनिवारची नोंद. आणि शनिवारी सायकल होती दुरुस्तीच्या दुकानात!

मग उजेड पडला. दुकान चढाच्या अगदी पायथ्याशी. चालवणारी बाई साठीला आलेली, पांढरे केस बारीक कापलेले, पोटऱ्या अशा की त्यावर नारळ फोडावा. तरुणपणी शर्यती मारलेल्या. आणि त्या मेकॅनिक बाईंची एक पद्धत होती. दुरुस्त केलेली प्रत्येक सायकल शनिवारी सकाळी स्वतः त्या चढावर न्यायची. "सपाटीवर सगळ्याच सायकली गुणी असतात," त्या म्हणायच्या. त्या बोलायच्या तिकडच्या भाषेत, मी आपलं आपल्या भाषेत सांगतोय. "दुखणं चढावर बोलतं." तक्क्याची चेन सटकत होती, ती नीट करून बाई सायकल वर नेऊन आल्या, मीटर इमानदारीने चालू झाला, आणि बाईंचा घाम तक्क्याच्या नावावर सासरी जमा झाला.

"बाबा, ते काय झालं..." तक्क्याने खरं सांगायला तोंड उघडलं. शप्पथ उघडलं! पण पलीकडून सासरे म्हणाले, "सकाळी फिरायला जातो तिथे सगळ्यांना नकाशा दाखवला. म्हटलं, हे आमचे जावई." आता सांगा, सहा वर्षं वाळवंटात बसलेल्या माणसाला कुणी पाण्याचा तांब्या दिला तर तो 'हे पाणी चुकून माझ्याकडे आलंय हो' म्हणेल?

"वारा होता पाठीशी," तक्क्या म्हणाला.

"हा विनय," सासरे म्हणाले. "आम्हाला आवडतो."

संध्याकाळी बायकोने सायकलचे कपडे धुवायला घेतले, वास घेऊन बघितला आणि म्हणाली, "घाम न येता विक्रम करणारा तू पहिलाच हं."

"तू बाबांना सांगणार आहेस?"

"मी कशाला? तुझं तू निस्तर. मी नुसती मजा बघणार."

पुढच्या शनिवारी तक्क्या खरोखर गेला. गुपचूप, पहाटेचा. एकतीस मिनिटं! त्यातली चार एका दगडावर. वर पोचल्यावर समोरचा देखावा दोन दोन दिसत होता. नोंद तिथल्या तिथे पुसून टाकली. दुपारी ग्रुपवर: 'या शनिवारी नोंद नाही. प्रकृती?' आणि त्याखाली दोन्ही आत्यांची आणि मावससासूची काळजी, काढ्यांसकट.

मग काय करणार? पुढच्या शुक्रवारी तक्क्याने सायकल पुन्हा दुकानात नेली. "जरा आवाज येतो," म्हणाला.

"कसला?"

"असा... सायकलसारखा."

बाईंनी सायकल बघितली, तेल घातलं, शनिवारी वर नेली. अकरा बावन्न. सासऱ्यांचा फोन: "बारा सेकंद मागे. झोप झाली नव्हती का?" त्याच्या पुढच्या शुक्रवारी ब्रेक 'घासत' होता. मग तार 'ओढत' होती. पण धडधाकट सायकलला दर आठवड्याला आजार कुठून आणायचा? शेवटी तक्क्याने एक पाना घेतला आणि दर गुरुवारी जेवणानंतर गॅलरीत बसून स्वतःच्या सायकलचे बोल्ट सैल करायला लागला. लोक सायकलिंगसाठी व्यायाम करतात, हा माणूस पाना फिरवत होता. बरं, त्यातला सीटचा बोल्ट एकदा जरा जास्तच फिरला आणि शुक्रवारी दुकानात जाताना भर सिग्नलवर सीट सपकन खाली गेली. हिरवा दिवा लागला तेव्हा चौकातल्या तमाम लोकांना दिसला तो गुडघे कानाला लावून बसलेला तक्क्या.

हा पान्याचा उद्योग शेजारच्या काकांनी गॅलरीतून पाहिला. काका आपलेच, तीस वर्षं परदेशात, आणि तीस वर्षांत त्यांना माहीत नाही असा एकही विषय उरलेला नाही. "सायकल ढिली करताय? उत्तम!" काका म्हणाले. त्यांना वाटलं, हा वजन कमी करतोय. "चढावर ग्रॅमचा हिशोब असतो. माझं ऐका, बाटलीत पाणी अर्धंच भरा. घंटी काढा. खिशातल्या किल्ल्या बायकोकडे द्या." मग त्यांनी घरातून स्वयंपाकाचा वजनकाटा आणला आणि तक्क्याचं हेल्मेट, बूट, हातमोजे, चष्मा सगळं तोलून झाल्यावर एकदा तक्क्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि काटा गुपचूप बंद केला. बोलले असते तर परवडलं असतं.

आणि अशात सासऱ्यांनी बातमी दिली: ते येतायत. सहा आठवडे. व्हिसाचा अर्जही भरला. त्यात प्रवासाचा हेतू म्हणून रकाना असतो ना, तिथे माणसं 'मुलीची भेट' लिहितात. मोजणी खात्यातला माणूस अर्धवट कसा लिहील? त्यांनी लिहिलं, 'जावयांच्या सायकल चढाईची प्रत्यक्ष स्थळपाहणी.'

झालं! वकिलातीतून तक्क्याला पत्र. आपण व्यावसायिक खेळाडू आहात काय? असल्यास परवाना जोडा. स्पर्धा सार्वजनिक आहे काय? प्रेक्षकांची अंदाजे संख्या? नसल्यास, आपण खेळाडू नसल्याचा कंपनीचा दाखला जोडा. तक्क्या दाखला मागायला कंपनीच्या ऑफिसबाईंकडे गेला. परदेशात आल्यापासून साधा पत्त्याचा दाखला मिळायला त्याला दोन दोन महिने लागले होते. पण या बाईंनी कागद वाचला, चष्म्यावरून तक्क्याकडे एकदा पाहिलं आणि सही ठोकली. ना पुरावा मागितला, ना साक्षीदार. वर शिक्का मारता मारता म्हणाल्या, "सगळेच कागद असे असते तर ऑफिसचं काम कसं सोपं झालं असतं." तक्क्या दाखला घेऊन बाहेर आला आणि जिन्याने जावं की लिफ्टने, याचा त्याने आयुष्यात पहिल्यांदा विचार केला. गेला लिफ्टनेच.

दाखला जोडायचा सासऱ्यांच्याच अर्जाला, तेव्हा निदान तो वाचून त्यांना कळेल, अशी एक आशा होती. सासऱ्यांचा फोन आला. "दाखला वाचला. 'सदर इसमाचा कोणत्याही खेळाशी दुरान्वयेही संबंध नाही.' अहो, किती विनय! माणसाने किती लपवावं!"

त्याच शुक्रवारी दुकानात बाईंनी सायकल स्टँडला लावली, मागच्या चाकाचा बोल्ट बघितला, मग तक्क्याकडे बघितलं.

"हा बोल्ट सैल झालेला नाही," त्या म्हणाल्या. "सैल केलेला आहे. आणि तोही चुकीच्या पान्याने. मागचे पाच शुक्रवार मी बघतेय. या सायकलला काहीही झालेलं नाही. तुम्हाला काय झालंय ते सांगा."

तक्क्याने सांगितलं. सगळं सांगितलं, सव्वीस मिनिटांच्या बेकरीपासून दाखल्यापर्यंत. सांगताना कान असे लाल झाले होते की बाईंनी खुर्ची पुढे केली.

"म्हणजे महिनाभर मी तुमच्या सासऱ्यांना खूश करतेय?" बाई म्हणाल्या आणि इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की हातातला पाना खाली पडला. मग डोळे पुसले आणि सायकल तक्क्याच्या हातात दिली. "आजपासून ही वर न्यायची तर तुम्हीच. मी हात लावणार नाही. ते कधी येतायत?"

"तीन आठवड्यांनी."

"मग इथे उभे काय राहिलात?"

तीन आठवडे, मित्रांनो! तक्क्या रोज संध्याकाळी त्या चढावर. बाई दुकानाच्या दारातून ओरडायच्या, "घाई करू नका, हलका गिअर टाका!" कुठून कुठून दुखायचं हे इथे सांगण्यासारखं नाही, पण ऑफिसात तो मीटिंगला उभा राहायला लागला आणि साहेबांना वाटलं, हा काहीतरी मुद्दा मांडतोय. मीटर काढून कपाटात ठेवला होता. सासऱ्यांना कळवलं, मीटर बिघडलाय. एक खोटं बाहेर काढायला जावं तर दुसरं आत. एकतीसची एकोणतीस झाली, मग सत्तावीस, मग पंचवीस. पंचवीस! आणि तिकडे सासऱ्यांनी फिरायला येणाऱ्या बेचाळीस जणांना सांगून ठेवलं होतं, अकरा चाळीस.

सासरे आले. बॅगेतून कपड्यांच्या आधी बाहेर आलं एक स्टॉपवॉच, एक खडू आणि कडक पुठ्ठ्याची वही. "शनिवारी ठेवू," म्हणाले. "आपल्या सगळ्या नोंदी शनिवारच्या आहेत."

शनिवार! तक्क्या धावत दुकानात. "बाई, हा एक शनिवार वर येऊ नका."

"चार सायकली तयार आहेत," बाई म्हणाल्या. "लोक दुपारी न्यायला येणार. मी काय तुमच्या सासऱ्यांना विचारून दुकान चालवू?"

शनिवार उजाडला. बायकोने वडिलांना गाडीने माथ्यावर सोडलं आणि परत खाली आली. सासऱ्यांनी वर रस्त्यावर खडूने रेघ मारली, खाली बायको फोन कानाला लावून. "बाबा, तयार? हं... सोडला!" तक्क्या निघाला. मिनिटभर झालं असेल नसेल, मागून बायकोचा आवाज आला, तो आवाज म्हणजे निव्वळ दुष्टपणा होता: "बाबा, आता आणखी एक जण सुटल्या बरं का! त्यांचीही वेळ धरा!"

तक्क्याने मान वळवली नाही. वळवली असती तर पडला असता. पहिलं वळण, दुसरं वळण. तिसऱ्या वळणाच्या आत चेनचा बारीक सर्रर्र आवाज आला आणि मेकॅनिक बाई शेजारी. बाजारात भेटाव्या तशा.

"खांदे सैल सोडा," म्हणाल्या. "चेहरा पण." आणि गेल्या.

पाचव्या वळणापाशी त्या परत खाली येताना भेटल्या, वाऱ्यासारख्या. ओरडून सांगून गेल्या, "वर ते म्हातारे आहेत, त्यांनी मला घड्याळ दाखवलं! अकरा चाळीस! मापाला पक्का आहे हो माणूस!"

संपलं. तक्क्याच्या डोळ्यांसमोर सगळं लख्ख झालं. आता वर जायचं ते कशाला? अजून किलोमीटरभर चढ बाकी, आणि वर काय वाढून ठेवलंय ते ठरलेलं. त्याने सायकल कडेला घेतली, एक पाय टेकला. त्याचं लक्ष पुढच्या टायरच्या व्हॉल्व्हकडे गेलं. एक बोट दाबायचं, फुस्स, पंक्चर. सायकल हाताला धरून खाली. विनयी जावई, दुर्दैवी जावई. बोट व्हॉल्व्हपर्यंत गेलंसुद्धा, खोटं नाही सांगत. आणि तेवढ्यात त्याला वाटलं, च्यायला, पण आज माझी वेळ किती येतेय? आज पाय बरे चाललेत. कालपर्यंत या वळणावर माझा जीव जात होता. हे कळल्याशिवाय मी खाली कसा जाऊ?

त्याने बोट काढलं आणि निघाला.

शेवटचं वळण संपलं तेव्हा त्याला माथा दिसला, खडूची रेघ दिसली आणि रेघेपलीकडे हात मागे बांधून उभे सासरे दिसले. बायकोही गाडी घेऊन पोचली होती. तक्क्याच्या छातीत भाता, घशात लाकूड. रेघेच्या तीन हात अलीकडे त्याने ब्रेक दाबला, पाय टेकला आणि म्हणाला, "बाबा... ते... ते मी नव्हतो."

"आधी रेघ ओलांडा," सासरे म्हणाले.

"नाही, बाबा, मला सांगू दे..."

"अहो घड्याळ चालू आहे! ओलांडा!"

तक्क्याने सायकल पुढे ढकलली. सासऱ्यांनी घड्याळ दाबलं, डोळ्यांजवळ नेलं, वहीत लिहिलं. मग वही बंद केली आणि म्हणाले, "हं. बोला आता."

तक्क्याने सांगितलं. उभ्या उभ्या, धापा टाकत, चेनपासून पान्यापर्यंत. बायको जरा लांब जाऊन गाडीच्या काचा पुसत होती. तिचं हसू केव्हाच मावळलं होतं. सासरे ऐकत होते. चेहरा असा की जमिनीच्या वादात दोन्ही भाऊ खोटे निघालेत.

"त्या बाई वर आल्या तेव्हाच कळलं," ते म्हणाले. "तोच दम, तेच सेकंद. बेचाळीस लोकांना सांगितलंय मी."

"मला माहितीये."

"आमच्या बँकेच्या मॅनेजरलाही सांगितलंय."

सासरे रस्त्याच्या कडेला गेले. कठड्याला हात टेकून खाली वाकून बघितलं. सात वळणं, एकाखाली एक, आणि तळाशी दुकानाचं पत्र्याचं छप्पर काड्यापेटीएवढं. बराच वेळ बघत राहिले. मोजत असणार. मग त्यांनी खिशातून फोन काढला, चष्मा कपाळावर चढवला आणि एका बोटाने टाइप करायला लागले. एकेक अक्षर, जसं कागदावर वळवून काढतात तसं. तक्क्याला वाटलं आता गेलो. एवढ्यात बायकोच्या हातातला फोन वाजला, घरचा ग्रुप. ती जवळ आली आणि दोघांनी मिळून वाचलं.

'दुरुस्ती. यापूर्वी कळवलेली अकरा मिनिटं चाळीस सेकंद ही नोंद सायकलची होती, जावयांची नव्हे. जावयांची नोंद बावीस मिनिटं एक्केचाळीस सेकंद. ती मी स्वतः जागेवर उभं राहून घेतली आहे. सर्वांनी वाचून बदल करून घ्यावा.'

तक्क्या वाचतच होता, तोवर सासऱ्यांनी कठड्यावरून पुन्हा एकदा खाली पाहिलं, फोन परत डोळ्यांपाशी नेला, आणि खाली आणखी एक ओळ आली.

'चढ फार आहे.'